फिरते खुराडे

दसऱ्याचे सोने लुटून झाले की धाराशिव जिल्ह्यातील गावागावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघू लागतात आणि दिवाळीच्या पुढेमागे ही पांगापांग पुरी होते. बेंबळीच्या रस्त्यावर त्या दिवसांत घटकाभर उभे राहिले तर एकामागून एक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जाताना दिसतात. ट्रॉलीत काय नसते? ज्वारीची पोती, चूल, घागरी, कोपी उभारायला लागणारे बांबू नि चटया, गोधडीत गुंडाळलेले तान्हे मूल, भेदरलेले करडू आणि या साऱ्या पसाऱ्याच्या माथ्यावर सुतळीने आवळलेले एक बांबूचे डालगे. डालग्याच्या फटीतून एखादा लाल तुरा बाहेर डोकावत असतो. गावापासून दोनतीनशे किलोमीटरवरच्या कुठल्या तरी साखर कारखान्याच्या तळावर पाच महिने काढायचे आहेत, याची त्या तुऱ्याला कल्पना नसते.

या डालग्याविषयी, किंबहुना त्याच्या जागी काय असावे याविषयी, आम्ही लिहिणार आहोत. वाचकांपैकी काहींना हसू येईल. धर्मगुरूने प्रार्थनेवर लिहावे, संतचरित्रावर लिहावे. खुराड्यावर काय लिहायचे? आमचे म्हणणे इतकेच की, ज्या घराची मीठमिरची, मुलीच्या वह्या नि सासूच्या गोळ्या पाच कोंबड्यांवर चालतात, त्या घरात खुराड्याचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न असतो.

ऊसतोडीच्या जगात नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादम या कोयत्याला उचल देतो आणि मग ती उचल ऊस तोडून फेडायची असते. ती नवऱ्याच्या हाती पडते, त्याच्या हातून दवाखान्याकडे, लग्नाच्या देण्याकडे, घराच्या पत्र्याकडे जाते. पहाटेपासून बाईही त्याच फडात राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते; पण तिच्या स्वतःच्या मुठीत येणारा पैसा म्हणजे अंड्यांचा. कोणाला विचारावे न लागता खर्च करता येईल असा तेवढाच.

ख्रिस्तसभेचे उपासनावर्ष आगमनकाळाने सुरू होते आणि या मंडळींचे वर्षही साधारण त्याच सुमारास सुरू होते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आमच्यासमोरची बरीच बाके रिकामी असतात. प्रायश्चित्तकाळ सरता सरता बंद दारांची कुलुपे निघू लागतात. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे, त्या वेळच्या उस्मानाबादेत, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षस्थानी आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मराठी ख्रिस्ती माणसाला तो दिवस मोठा वाटला, आम्हांसही वाटला. पण त्या दिवसांतही या जिल्ह्यातील ही माणसे मांडवात नव्हती, फडात होती. फादर दिब्रिटो २०२४च्या जुलैत प्रभूघरी गेले. ही गोष्ट त्यांस सांगितली असती तर ते नक्कीच म्हणाले असते, की मग तुम्ही फडावर जा. असो, आपण खुराड्याकडे वळू.

बेंबळीतील एका घराची ही हकिकत आहे. घरात नवरा, बायको, सासू नि नऊ वर्षांची मुलगी. गेल्या हंगामात ते पाच कोंबड्या नि एक कोंबडा डालग्यातून घेऊन गेले होते. तळावर एका रात्रीत तीन कोंबड्या गेल्या. आम्ही ऑगस्टच्या अखेरीस त्यांच्याकडे गेलो तेव्हा सासूबाईंनी विषय काढला.

"मुंगसानं खाल्ल्या बगा फादर. औंदा न्याव्या का हितंच ठिवाव्या? ठिवल्या तर मी म्हातारी किती राखू? आन् नेल्या तर पुन्ना त्येच."

आम्ही विचारले, "आजी, सकाळी तुम्हांला काय दिसले?"

सूनबाईंनी सांगितले. डालगे उलटे पडले होते, पिसे कोपीपासून वाढ्यांच्या ढिगापर्यंत पसरली होती, एक कोंबडी अर्धी खाल्लेली होती, दोघींचा पत्ता नव्हता. कोंबडा तेवढा कोपीच्या वर चढून बसला होता.

मुंगसाला गावोगाव या गुन्ह्यात धरले जाते. पण ते दिवसा हिंडणारे जनावर आहे. ते पिलांवर टपते, अंडी पळवते, भर दुपारी कोंबडीवरही झडप घालते. रात्री मात्र बिळात असते. रात्री डालगे उलटवण्याइतके बळ कुत्र्यात असते, कोल्ह्यात असते. तळावर तर भटक्या कुत्र्यांना तोटा नसतो. रानमांजराची तऱ्हा निराळी. ते जाळीच्या भोकातून पंजा घालून झोपलेल्या कोंबडीची मान बाहेर ओढते. सकाळी कोंबडी आत आणि मुंडके नाहीसे असे दिसले तर चोर कोण हे समजावे. धामण नि नाग अंड्यांसाठी, पिलांसाठी येतात आणि बोटभर फट त्यांना पुरते. घूस खालून माती उकरते. चोर ओळखल्याशिवाय कुलूप निवडता येत नाही, म्हणून हा सारा पंचनामा.

सासूबाईंना काही हे पटले नाही. मुंगूस ते मुंगूसच.

पहिला पर्याय नव्या डालग्याचा. डालगे ही मोठी शहाणी वस्तू आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. बुरुडाच्या हातचे चांगले डालगे हलके असते, त्यातून हवा खेळते, एक बाई ते काखोटीला मारून नेते, आणि दिवसा अंगणात उपडे घातले की आत कोंबडी नि पिले घारीपासून निर्धास्त राहतात. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही आपली म्हण याच डालग्यातून निघाली असावी. पण डालगे हे भिंतीच्या आतल्या अंगणासाठी आहे. त्याला तळ नाही, कडी नाही, वजन नाही. वर दगड ठेवला तरी कुत्रा नाक घालून उचलतो. उघड्या माळावरच्या रात्रीला ते पुरे पडत नाही.

दुसरा पर्याय तयार खुराड्याचा. तालुक्याच्या गावी एका दुकानात सूनबाई ते पाहून आल्या होत्या आणि त्यांच्या आग्रहावरून आम्हीही जाऊन पाहिले. हिरवा रंग, छोटी चाके, घरट्यासारखे उतरते छप्पर, पुढे जिना. पाहणाऱ्याला भुरळ पडावी असे. आम्ही दार धरून हलविले तर सारी चौकट डुलली. लाकूड पातळ, सांधे नुसत्या बारीक खिळ्यांचे, दाराला आकडी इतकी सैल की मांजरीने पंजाने उचलावी. जाळी षट्कोनी भोकांची, जिला बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणतात. या नावाने पुष्कळ लोक फसतात. ती जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. पिळलेल्या बारीक तारेची ती वीण कुत्रा दातांनी फाडतो आणि तिच्या भोकांतून मांजरीचा पंजा सहज आत जातो. चाके तर काळ्या मातीत पहिल्या पावसालाच रुतणार. किंमत साडेचार हजार सांगितली. सूनबाई बाहेर येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, एवढे पैसे उचलीतून काढावे लागतील. आन् उचलीतून घेतलेलं खुराडं माझं ऱ्हात न्हाई."

हे वाक्य आमच्या डोक्यात फार दिवस राहिले. सेमिनरीत आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांची मालमत्तेविषयीची शिकवण परीक्षेसाठी पाठ करावी लागली होती. ती सारी या बाईंनी बसथांब्यावर उभ्या उभ्या एका वाक्यात सांगितली.

तिसरा पर्याय करवून घेण्याचा, आणि तोच ठरला. अट एवढीच की, खर्च अंड्यांच्या साठलेल्या पैशात बसला पाहिजे. ते अठराशे रुपये होते.

आता माप. दिवसभर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती साधारण एक चौरस फूट जागा पुरते. सहा पक्ष्यांना तीन फूट लांब, दोन फूट रुंद. उंची पुढे दोन फूट, मागे थोडी कमी, म्हणजे छपराचे पाणी मागे जाईल. याहून मोठे करण्याचा मोह टाळावा लागतो. कारण ट्रॉलीत जागा मोजून मिळते आणि तळावर पोहोचल्यावर दर काही दिवसांनी जागा बदलायची असते. याहून लहान केले तर कोंबड्या एकमेकींना टोचू लागतात, उष्ण्याने धापा टाकतात. कोंबडीला जमिनीवर झोपणे आवडत नाही, तिला बसायला दांडी हवी. प्रत्येकीला आठ ते दहा इंच दांडी लागते. म्हणून लांबीच्या बाजूने दोन दांड्या, एकाच उंचीवर. एक उंच नि एक खाली ठेवली तर सगळ्या उंचीवर चढायला भांडतात. या बाबतीत कोंबड्यांचा स्वभाव काही धर्मग्राम समित्यांसारखा आहे, एवढे लिहून पुढे जातो. दांडी गोल बारीक काठीची नसावी. दोन इंच रुंद, वरच्या कडा गोल केलेली असावी, म्हणजे बसताना पायाची बोटे पिसांखाली झाकली जातात.

बेंबळीतील सुतार मिस्त्रींकडे आम्ही हे माप घेऊन गेलो. ते आमच्या धर्माचे नव्हेत. परंतु आमच्या कामात त्यांना आमच्यापेक्षा अधिक रस आला. लाकडाचा प्रश्न त्यांनीच सोडविला. बाभूळ चिवट पण जड, आणि ओली असेल तर तडकते. निलगिरी पिळवटते. लिंबाला कीड लागत नाही, पण वाळलेला लिंब त्या वेळी हाताशी नव्हता. त्यांच्या पडवीत मात्र एका पाडलेल्या माळवदाच्या घरातल्या सागवानी पट्ट्या पडून होत्या.

माळवद म्हणजे काय हे कोकणातील वाचकांस सांगितले पाहिजे. आमच्या मराठवाड्यात जुन्या घरांना लाकडी तुळयांवर मातीचे सपाट धाबे असते. पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकायची, असे करता करता दोन पिढ्यांत छपरावर अक्षरशः शेत तयार होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हजारो माणसे गेली, ती पुष्कळशी या माळवदांच्या वजनाखाली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. अनंत चतुर्दशीची रात्र होती, माणसे विसर्जन करून नुकती निजली होती. या जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे त्या रात्री जमीनदोस्त झाली. आम्ही त्या वेळी वयाने लहान होतो, पण पुढे या भागात आल्यावर वाचलेल्यांच्या तोंडून ऐकले की, ज्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने दाखविल्या गेल्या त्याच वैरी झाल्या. कुडाच्या झोपडीत राहणारे पुष्कळसे वाचले. मिस्त्री त्या दिवसांतले. पट्टी हातात तोलून ते म्हणाले, "फादर, मजबूत करा, पण जड करू नका. जड काय करतंय ते आम्ही बघितलंय."

म्हणून मजबुती सांध्यांत ठेवली, वजनात नाही. दीड इंची पट्ट्यांची चौकट, प्रत्येक कोपऱ्याला आतून पत्र्याची काटकोनी पट्टी आणि खिळ्यांऐवजी स्क्रू. ट्रॉलीच्या हादऱ्यांनी खिळे हळूहळू वर येतात, स्क्रू येत नाहीत. बाजूंना नि मागे तिरकी एकेक पट्टी दिली. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही, हे मिस्त्रींना भूमितीशिवाय ठाऊक होते. खालचा नऊ इंचांचा भाग चारी बाजूंनी जुन्या पत्र्याने बंद केला, म्हणजे कुत्र्याच्या नाकाला नि पंजाला पकड नाही, आणि दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या पायांना वारा नाही. त्यावर वेल्डिंगची अर्धा इंच चौकोनी भोकांची जाळी. ती चौकटीच्या बाहेरून लावली. आतून लावली तर बाहेरच्या धडकेने ती आत ढकलली जाते. बाहेरून लावली तर धडकेचा जोर चौकटीवर येतो. जाळीच्या कडेवर लाकडाची बारीक पट्टी दाबून तिच्यातून स्क्रू गेले. नुसत्या वाकड्या खिळ्यांवर टांगलेली जाळी कोपऱ्यातून सोलली जाते, आणि शत्रू नेहमी कोपऱ्यापासून सुरुवात करतो.

तळालाही तीच जाळी लावली, म्हणजे खालून उकरणाऱ्याचा प्रश्न मिटला. मात्र कोंबडीचे तळपाय जाळीवर फार वेळ राहिले तर फोड येऊन सुजतात. म्हणून आत गोणपाट नि त्यावर पाचटाचा चुरा. तो ओला झाला की बदलायचा. दाराला कडी-कोयंडा आणि कोयंड्यातून साखळीला बांधलेली खुंटी. खुंटी साखळीला का, तर अंधारात फडावरून दमून आलेल्या बाईच्या हातून ती हरवू नये.

उचलण्याची सोय काय करावी, यावर बराच खल झाला. चाके बाद झाली होती. शेवटी दोन्ही अंगांना लोखंडी कड्या बसवून त्यांतून बाभळीचे दोन लांब दांडे पालखीसारखे ओवले. पुढे एक माणूस, मागे एक. दांडे कड्यांतच राहू द्यायचे, काढून ठेवायचे नाहीत. काढले की चुलीत जाणार. मिस्त्री दांडे तासत होते तेव्हा आम्हांस निर्गम ग्रंथातील कराराच्या कोशाची आठवण झाली. तो कोशही असाच कड्यांतून ओवलेल्या दांड्यांवर वाहिला जाई, ते दांडे कड्यांतून काढू नयेत अशी आज्ञा होती, आणि ते ज्या झाडाचे होते ते झाड आपल्या बाभळीच्याच कुळातले. अर्थात तिथे दांड्यांना सोन्याचा मुलामा होता. पण ते लोकही तळ उठवीत, तळ टाकीत चाललेले, आणि त्यांच्यासोबतही जनावरे नि लेकरे होती. तुलनेतला आगाऊपणा वाचक क्षमा करोत.

सारे मिळून वजन वीस किलोच्या आत बसले.

उन्हाळ्याचा विचार राहिला होता. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचा ताप मुळातच एक्केचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. बाहेर मार्चमध्ये पारा चढू लागला की ती चोच उघडून धापा टाकते, तोच तिचा घाम. नुसत्या पत्र्याखाली दुपारी ठेवली तर मरते. म्हणून पत्र्याला वरून चुन्याचा हात दिला आणि पत्रा व आतील बाजू यांच्यात बोटभर अंतर सोडून हवा जाईल असे केले. तळावर पाचट हवे तितके मिळते, ते वर पसरता येते. मात्र पाचटाची कोपी नि जवळ पेटलेली चूल यांपायी तळ जळाल्याच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांस हे सांगायला नको की, खुराडे चुलीपासून लांब आणि वाऱ्याच्या उलट अंगाला ठेवावे.

आणखी एक शत्रू आहे, ज्याला जाळी अडवीत नाही. कोंबड्यांची गोचीड लाकडाच्या फटींत दिवसा दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. ती उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगते. म्हणजे रिकामे खुराडे चार महिन्यांनी पुन्हा भरले तरी ती तिथे वाट पाहत असते. फिरत्या खुराड्यातून ती एका गावाची दुसऱ्या गावाला पोहोचते. म्हणून फटी ठेवायच्याच नाहीत. सांध्यांत भुसा नि डिंक भरून वर चुना. दांड्या सुट्या ठेवल्या, म्हणजे काढून उकळते पाणी ओतता येते. अंगणात राखेचा ढीग असला की कोंबड्या स्वतःच त्यात लोळून पिसांतल्या उवा झाडतात.

रोगाचेही तसेच. मानमोडी आली की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. तिची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. पिलांना पहिल्या आठवड्यात, मग दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा. निघण्याच्या दोनतीन आठवडे आधी टोचून घ्यावी, कारण लस दिली त्याच दिवशी अंगात बळ येत नाही. पक्षिज्वराची गोष्ट तर आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथम तो कोंबड्यांत आढळला. २०२१च्या जानेवारीत तो आमच्या मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी आला. शेकडो कोंबड्या मेल्या आणि आसपासच्या उरलेल्या सरकारला माराव्या लागल्या. तेव्हा तळावर पोहोचल्यावर निदान पंधरा दिवस आपल्या कोंबड्या शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत मिसळू देऊ नयेत आणि कावळ्यांना त्यांच्या पाण्याच्या भांड्याशी येऊ देऊ नये, असे आम्ही सूनबाईंना बजावले. त्यांनी मान डोलावली. पंधरा दिवस कोंबड्या कोंडून ठेवणे किती कठीण आहे हे आमच्यापेक्षा त्या चांगले जाणत होत्या.

हे काम चालू असताना एका संध्याकाळी आम्ही घरच्या मंडळींस संत लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाची गोष्ट सांगितली. परूशी येऊन प्रभूला हेरोदाचे भय घालतात, तेव्हा प्रभू हेरोदाला कोल्हा म्हणतो. आणि पुढच्या दोनतीन ओळींतच यरुशलेमेविषयी हळहळताना स्वतःला पिले पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. संत मत्तयनेही कोंबडी दिली आहे, परंतु कोल्हा त्या प्रसंगात नाही. कोल्हा नि कोंबडी एकत्र पाहायचे तर लूककडेच जावे लागते. यरुशलेमेसमोर जैतून डोंगराच्या उतारावर एक लहान चर्च आहे, आंतोनियो बार्लुझी या वास्तुकाराने बांधलेले, १९५५ साली पुरे झालेले. प्रभू जिथे शहराकडे पाहून रडला ती ही जागा, असे मानतात. छप्पर अश्रूच्या थेंबासारखे आहे आणि वेदीच्या दर्शनी भागावर रंगीत खड्यांत पंख पसरलेली कोंबडी नि तिच्याखाली पिले आहेत. आम्ही त्याचे छायाचित्र मुलीला दाखविले. तिने पिले मोजली.

आम्ही म्हणालो, सिंह म्हणता आले असते, गरुड म्हणता आले असते. जुन्या करारात गरुड आहेच. प्रभूने मात्र असा पक्षी निवडला ज्याच्याजवळ कोल्ह्यापुढे करायला स्वतःच्या अंगाशिवाय काही नाही. सासूबाई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खरं हाय फादर. कोंबडी पिलावर बसून मरती, पर उठत न्हाई. म्या बघितलंय. पर त्येंच्या वक्ताला जाळी मिळत नसल."

या भाष्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. पुष्कळ प्रवचनांतून आम्ही पंखांविषयी बोललो आहोत, जाळीविषयी बोललेलो नाही.

खरा पेच यानंतर आला. खुराडे झाले, पण मुलीचे काय? ती चौथीत. हंगामात आईबापांबरोबर गेली की शाळा बुडते. कारखान्याजवळची साखरशाळा असली तर असली, नसली तर नसली. गावी ठेवायची तर आजीजवळ. शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर जेवणाचा भार हलका होतो, पण वह्या, औषध, चपला यांना रोख पैसा लागतो. आजीचे म्हणणे, कोंबड्या नि खुराडे गावीच राहू द्या, अंडी विकून मी नात सांभाळते. सूनबाईंचे म्हणणे, तळावर अंड्याला गिऱ्हाईक अधिक. शिवाय तिथे हातात चार पैसे नसले तर मीठ आणायलाही मुकादमाच्या वहीत नाव लिहावे लागते. दोघींचेही खरे होते. नवरा भिंतीला टेकून गप्प बसला होता. आमचे मत विचारले गेले तेव्हा आम्ही एवढेच म्हटले की, मुलीने गावी राहावे. कोंबड्यांचे तुमचे तुम्ही ठरवा.

त्यांनी ते ठरविले ते असे. खुराडे फिरते, म्हणून ते तळावर जाईल, चार पक्षी घेऊन. दोन कोंबड्या आजीजवळ, जुन्या डालग्याखाली, घराच्या चार भिंतींच्या आत, जिथे डालगे अजूनही पुरते. तळावरच्या अंड्यांचा पैसा महिन्याला एकदा गावी यायचा, गावच्या अंड्यांचा रोजच्या भाजीला. आणि मुलगी गावी राहायची. मुलगी रडली. तिला कोंबडा तळावर चालला याचे अधिक वाईट वाटले, की आई चालली याचे, हे त्या वयात सांगता येत नाही. म्हणून ती कोंबड्यासाठी रडली.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही मिस्सा अर्पण करून कोयत्यांना आशीर्वाद दिला. तशी आमची दरवर्षीची रीत आहे. सासूबाईंनी सुनेच्या मदतीने खुराडेही दांड्यांवर उचलून आणले आणि कोयत्यांच्या रांगेत ठेवले. आम्ही त्यावरही पवित्र पाणी शिंपडले. कोंबडा आतून ओरडला आणि पोरे हसली.

प्रवासापुरते सांगितले ते असे की, निघण्यापूर्वी पोटभर पाणी पाजा, दाणा थोडाच द्या. खुराडे ट्रॉलीच्या मागच्या अंगाला ठेवू नका, तिथे हादरे अधिक. वर पोते झाका, पण बाजू उघड्या ठेवा. अंधार झाला की कोंबडी शांत राहते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यातल्या एका तळावरून फोन आला. तोवर खुराड्याने तीन फड पाहिले होते. एका रात्री कुत्र्यांनी खालच्या पत्र्याला धडका मारल्या होत्या, पत्रा दोन ठिकाणी चेपला होता, जाळी जागची हलली नव्हती. शेजारच्या कोपीतल्या बायका माप घेऊन गेल्या. आता एक कोंबडी खुडूक झाली होती आणि सूनबाईंना प्रश्न पडला होता: नऊ अंडी खाली घातली आहेत, सहा दिवस झाले, आणि फड संपत आला, खुराडे उचलले तर अंडी नासतील का? आम्ही विचारून सांगितले की, रात्री अंधारात, दोघांनी सावकाश, कोंबडीला अंड्यांवरून न उठवता उचला. घमेल्यात पाचट घालून अंडी घट्ट बसतील असे करा, म्हणजे गडगडणार नाहीत. एकवीस दिवसांचा हिशेब मुलीने गावी शाळेच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवला होता, तो नाताळनंतर दोनतीन दिवसांवर येत होता.

सात पिले निघाली. दोन अंडी फुकट गेली, त्यांतले एक तरी हलवण्याने गेले असेल. पिलांसाठी खुराड्याच्या एका अंगाला फळीचा आडोसा करावा लागला, तो सूनबाईंच्या नवऱ्याने तुटक्या ट्रॉलीच्या लाकडाचा केला. म्हणजे भिंतीला टेकून गप्प बसलेल्या माणसाचाही हात अखेर त्या खुराड्याला लागला.

मिस्त्रींच्या मजुरीतले तीनशे रुपये अजून बाकी आहेत. ते मंडळी परत आल्यावर एका तरण्या कोंबड्याच्या रूपाने फेडायचे ठरले आहे, आणि तो लाल असावा, काळा चालणार नाही, असे मिस्त्रींनी आमच्यामार्फत आतापासून कळवून ठेवले आहे.